माहेरचा ठोकळा

मास्तर शिकवायला बसले की आपल्याकडे पाठ करून बसत. ऑइलचा रिकामा डबा उपडा घालायचा, तोंड भिंतीकडे करायचं आणि म्हणायचं, "हं, चालू दे." पहिल्या दिवशी मला वाटलं, परक्या बाईकडे बघायचं नाही म्हणून हा सभ्य गृहस्थ असा बसलाय. मी पदरबिदर सारखा केला. अर्ध्या तासाने कळलं की ते सगळ्यांनाच पाठ दाखवतात. गिरणीत चाळीस मागांच्या खडखडाटात कुठल्या मागाचा धागा तुटला ते कानाने ओळखणारा माणूस. मशीन बघायचं नसतं, ऐकायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या पदराकडे बघायला त्यांना सवड नव्हती. मला मात्र त्या काळी आपण बघण्यासारख्या आहोत असा दाट संशय होता.

गोष्ट तीस वर्षांमागची. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक लहान वर्कशॉप होतं, पंपाचे सुटे भाग करून देणारं. मी तिथे टायपिस्ट. मराठी चाळीस, इंग्रजी चाळीस, दोन्ही सर्टिफिकिटं घरात फ्रेम करून लावलेली. शेठनी एक सेकंडहँड सीएनसी मिलिंग मशीन आणलं, म्हणजे आकडे टाइप करून द्यायचे आणि मशीनने आपोआप लोखंड कातायचं. ते आकडे टाइप करताना आमचे फिटर एका बोटाने 'एक्स' शोधत, मग दुसऱ्या बोटाने चष्मा सावरत. शेठ वैतागले. त्यांनी मला टाइपरायटरसमोरून उठवलं, मशीनसमोर उभं केलं आणि सांगितलं, दसऱ्यापर्यंत बघू. जमलं तर ठेवू, नाही तर नाही. टायपिस्टची खुर्चीही परत मिळणार नव्हती, कारण ऑफिसात कॉम्प्युटर येणार होता आणि त्याच्यासोबत कॉम्प्युटर शिकलेली मुलगी. गिरणी बंद पडल्यापासून आमच्या घरी आमचे हे आणि रेडिओ दोघेच काय ते बोलत, आणि त्यातला रेडिओच जास्त आशेचं बोलायचा. तेव्हा जमणं भागच होतं.

मास्तर आमच्याकडे सेटर, म्हणजे मशीनवर काम बसवून देणारे. शहराच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी. गिरणीत मागांचे जॉबर, म्हणजे मुकादम होते, गिरणी गेल्यावर इकडे आले. सगळ्या बायकांना, मग ती सहा वर्षांची असो की साठ, अम्मा म्हणत. मी पस्तिशीत होते आणि मला ते अम्मा फार लागायचं.

मी लिहिलेला पहिला प्रोग्राम मला अजून पाठ आहे, लाजेपोटी. मशीनच्या टेबलावर ओळीने पाच वाइस लावलेले होते. वाइस म्हणजे काम घट्ट धरून ठेवणारा लोखंडी जबडा. पाचांत पाच सारखे जॉब, म्हणजे कातायचे तुकडे. मी काय केलं, पहिल्या जॉबचा अख्खा प्रोग्राम लिहिला, मग तोच आकडे बदलून दुसऱ्यासाठी, मग तिसऱ्यासाठी. अकरा पानं. एकही चूक नाही, समास सोडलेला. शेठना दाखवताना मला वाटलं, आता हे सर्टिफिकीटही फ्रेम करावं लागणार.

मास्तरांनी कागद उलटलेही नाहीत. हातात धरून वजन केलं. "लई जड हाय," म्हणाले. "मशीन थकंल की." आणि निघून गेले. मी त्यांना मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नातवंडं वाचतात.

त्याच आठवड्यात त्यांच्या पाचव्या आणि शेवटच्या मुलीचं लग्न होतं. मी नटून गेले. पंगत बसली, पत्रावळी मांडल्या, मीही बसले, तेवढ्यात नवरीचा बाप, अंगात नवा सदरा, कपाळाला हळद, तरातरा आला आणि मला म्हणाला, "अम्मा, ऊठ. नंतर जेव." मला पंगतीतून उठवलं. चारचौघांत. त्यांची बायको लांबून कपाळावर हात मारताना दिसली. त्यांनी मला मंडपाच्या खांबापाशी उभं केलं आणि वाढप्याकडे बोट दाखवलं.

"काय करतोय बघ."

"वाढतोय."

"पयलं काय वाढलं?"

मीठ वाढलं होतं. प्रत्येक पत्रावळीला वरच्या अंगाला मिठाची चिमूट.

"ते शून्य," मास्तर म्हणाले. "मीठ कुठं पडलं ते बघायचं, बाकीचं समदं तिथनं. चटणी हिकडं, भाजी तिकडं. पाच पत्रावळीला पाच वाढपी हायत का? वाढपी एकच, हाताची चाल एकच. फुडच्या पत्रावळीला गेला की निस्तं मीठ कुठं ते बघतो."

मग त्यांनी मला आणखी उभं ठेवलं. भाताचा वाढपी सगळ्या पंगतीला भात वाढून गेला, तेव्हा वरणाचा आला. "एकाच पानावर भात, वरण, भाजी, लाडू समदं वाढून, मग आत पळून, परत दुसऱ्या पानाला भात घेऊन आला तर? लोक उठून जातील. तुझं मशीन तसं पळतंय."

खरंच तसं पळत होतं. जॉबला चार हत्यारं लागायची. माझ्या अकरा पानांत मशीन पहिल्या जॉबला चारही लावून पूर्ण करायचं, मग दुसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून. वीस वेळा हत्यार बदलायचं. मास्तरांच्या पंगतीत चारदाच. एक हत्यार हातात घ्यायचं, पाची पानांवर फिरून यायचं, मग दुसरं. आणि जॉब करायची चाल एकदाच लिहायची, बाजूला ठेवायची, हवी तेव्हा बोलवायची. पुढचा जॉब आला की मशीनला फक्त मिठाची जागा सांगायची. अशा जागा लक्षात ठेवायला मशीनच्या कंट्रोलमध्ये सहा घरं असतात. कारखान्यातली मुलं त्यांना ऑफसेट म्हणतात, जी फिफ्टीफोर ते जी फिफ्टीनाईन. मास्तर घरच म्हणत.

सोमवारी माझी अकरा पानं एका पानाची झाली. त्या लग्नात मी काय जेवले ते आठवत नाही, पण त्या उभं राहण्याइतकं पोट माझं नंतरच्या कुठल्याच पंगतीत भरलं नाही.

त्याच सोमवारी मास्तर पिवळ्या रंगाचा डबा घेऊन आले आणि बिननावाच्या पाचव्या वाइसवर ब्रशने 'हैद्राबाद' लिहिलं. बाकीच्या चारांवर आधीच लिहिलेलं होतं. अक्कलकोट, माढा, बार्शी, विजापूर. जसजशा मुली दिल्या तसतसे वाइस रंगले होते. आमच्या वर्कशॉपात मग "माढ्यात लोखंडाची बुरी अडकलीय" किंवा "विजापूर जरा सैल वाटतंय" असं बोलणं चाले आणि नवा माणूस दारातच थबके. माझं स्वतःचं माहेर माढा तालुक्यातलं. मी त्या दुसऱ्या वाइसला जरा जास्त पुसायचे. हेही तेव्हा कुणाला कळत नाही असं मला वाटायचं.

सकाळी मशीन चालू केलं की मास्तर प्रत्येक वाइसला बोट लावत तेलुगूत मोजायचे. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू. आणि थांबायचे. सहावं घर कधी मोजायचे नाहीत आणि कुणाला वापरू द्यायचे नाहीत. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात त्यांनी पेढ्याच्या लहान खोक्याएवढा एक पोलादी ठोकळा घासूनपुसून चौकोनी करून बसवला होता. बोल्टची डोकी घासून टाकलेली, म्हणजे पान्याने कुणी काढायला गेलं तरी पाना लागू नये. सहाव्या घरात त्या ठोकळ्याची जागा भरलेली असायची. मी विचारलं, हे काय?

"माहेर," ते भिंतीकडे बघून म्हणाले. "पाच पोरी पाच गावाला. कोण किती लांब ते कुठनं मोजणार? हितनं मोजणार. सासरापासनं सासर कोण मोजतं? आनि माहेरात काम करत न्हाईत. निस्तं असाय लागतंय."

मला ते काहीच कळलं नाही. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा स्पीड चाळीसच्या वर होता.

आता खंडेनवमी. त्या दिवशी वर्कशॉपात हत्यारांची पूजा असते आणि हत्यार चालवायचं नसतं. मशीन बंद, मेन स्विच खाली. मास्तर घरी. मी पूजेची पुढारीण. दसऱ्यानंतरच्या दिवशी दुपारी दोनला पुण्याहून नव्या गिऱ्हाइकाचा माणूस पाच जॉब डोळ्यांसमोर करून घ्यायला येणार होता, आणि शेठची 'दसऱ्यापर्यंत'ची मुदतही तीच. मी मशीन आरशासारखं केलं. प्रत्येक वाइसला गंध लावलं, झेंडू वाहिला. कोपऱ्यातला तो ठोकळा मला कुठल्या तरी देवाचाच वाटला, त्याला हळदीकुंकवाचं चांगलं जाडजूड बोट लावलं. मग आठवलं, आठवडाभर स्क्रीनवर बॅटरी संपत आल्याची अक्षरं लुकलुकतायत. नवे सेल मास्तरांनी आणून ड्रॉवरमध्ये ठेवले होते. म्हटलं, म्हाताऱ्याला तेवढीच मदत. सेल बदलताना वस्तू बंद असावी, हे मला रेडिओवरून माहीत होतं. आणि त्या दिवशी मशीन चालू करणं तर पापच. मी जुने तीन सेल काढले, नव्या तिघांना कुंकू लावलं आणि बसवले.

सेल बदलताना मशीन चालू ठेवायचं असतं. बंद मशीनची सगळी आठवण त्या सेलांच्या जिवावर असते. ते काढले की मशीन जन्मल्यासारखं कोरं होतं. हे मला दसऱ्यानंतरच्या सकाळी आठ वाजता कळलं, जेव्हा स्क्रीनवर लाल अक्षरांची रांग लागली, प्रोग्रामची यादी रिकामी निघाली आणि सहाही घरांत शून्य, शून्य, शून्य.

शेठ धावत आले. कुणी काय केलं, विचारलं. मी पंख्याची पाती मोजत होते. मास्तरांनी मशीनचं मागचं दार उघडलं, सेलच्या डबीत डोकावून पाहिलं, बंद केलं. शेठ म्हणाले, इंजिनिअरला फोन लावतो, पण तो तिसऱ्या दिवशी येईल, तोवर गिऱ्हाईक गेलं. मास्तर म्हणाले, "बाईला टाइप येतंय की."

मशीनच्या दारातल्या पिशवीत त्याच्या जन्माचे आकडे छापलेले कागद होते. पानंच्या पानं. मी टाइप करायला लागले. मास्तर डबा उपडा घालून पाठ करून बसले आणि बटणांचा आवाज ऐकत राहिले. मध्येच म्हणायचे, "दोनदा दाबलंस." दोनदा दाबलेलं असायचं. साडेअकराला मशीन जागं झालं. मग माझ्या वहीतून प्रोग्राम. एक पान. दहा मिनिटं. अकरा पानं असती तर मी अजून तिथेच उभी असते.

राहिली घरं. पाचही वाइसच्या आणि ठोकळ्याच्या जागा लिहिलेला कागद शेठनी कपाटातून काढून दिला. मी भरायला घेतला तेव्हा मास्तर म्हणाले, "त्यो कशाला?"

"यात पाची आहेत, मास्तर."

"ते अंतर मशीनच्या मुळापासनं, त्याच्या सोताच्या शून्यापासनं हाय. मशीन आज सकाळी नव्यानं जन्मलंय. मूळ कालच्याच जागी हाय कशावरनं? आदी माहेराला जा."

मी ठोकळ्यापाशी गेले. "पूजा पूस आदी," ते न वळता म्हणाले. "हळदीचा थर राह्यला तर शून्य हळदीएवढं चुकतंय." तेव्हा मला कळलं की त्यांनी सकाळीच सगळं पाहिलं होतं. मी घासलेटच्या फडक्याने माझी भक्ती पुसून काढली. ठोकळा आणि हत्यार यांच्यामध्ये विडीच्या बंडलाचा पातळ कागद धरायचा, कागद जिथे अडकतो ती जागा. डावी बाजू, पुढची बाजू, डोकं. तीन स्पर्श. पाची वाइस एकेक शोधायचे तर पंधरा झाले असते. जागा मिळाली. शेठच्या कागदातली ठोकळ्याची जागा आणि ही, दोन दशांश मिलिमीटरचा फरक. कागदावर विसंबले असते तर पाची जॉब भंगारात.

"आता पाची पोरींची अंतरं घे." आणि त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

इतके महिने मला वाटायचं, हा माणूस भिंतीकडे शून्यात बघतो. भिंतीवर त्यांच्या नजरेच्या उंचीवर पेन्सिलीने बारीक पाच ओळी होत्या. अक्कलकोट, माढा, बार्शी, विजापूर, हैद्राबाद. माहेरापासून प्रत्येकीचं अंतर, मिलिमीटरात.

मी बेरजा करत मोठ्याने म्हणायला लागले. माहेर उणे सहाशेवर, अक्कलकोट तिथून दीडशे पुढे. "उणे सातशे पन्नास," मी म्हणाले.

मास्तरांची पाठ ताठ झाली. "अम्मा, माझी थोरली टेबलाखाली पडली."

मी पाहिलं. उणे सहाशेत दीडशे मिळवले की उणे साडेचारशे. तसंच चालवलं असतं तर मशीन टेबल सोडून भलतीकडे धावलं असतं. मी बटणांवरून हात काढून घेतले. म्हटलं, मास्तर, तुम्ही भरा, माझ्याच्याने नाही व्हायचं. ते वळले नाहीत.

"मी भरीन. मग उद्या कोण भरंल?" आणि वर म्हणाले, "तुझं माढा फुडचं हाय. त्ये तरी नीट भर."

भरलं. पाची घरं भरली. दोन वाजता तो माणूस आला, जॉब झाले, त्याने पाची मोजले, पुन्हा मोजले. विचारलं, प्रोग्राम कुणाचा? शेठ जरा अडखळले. डब्यावरून आवाज आला, "बाईचा. पंगत तिनं वाढली."

त्यानंतर मी तिथे बावीस वर्षं होते.

बॅटरी मी बदलली असं मी कधी बोलले नाही. त्यांनी कधी विचारलं नाही. पण ते कुंकवाचे सेल पुढे संपले, तेव्हा मास्तरांनी मशीन चालू ठेवून ते बदलले आणि त्यातला एक खिशात घातला. पुढच्या खंडेनवमीला हत्यारांच्या ओळीत, पान्याच्या शेजारी, तो कुंकवाचा सेल पूजेला मांडलेला. दर वर्षी. त्याला फूल वाहायला मलाच सांगायचे. चेहरा भिंतीसारखा.

त्यांचं वय झालं, काम सुटलं, बायको गेली. पूर्व भागातलं घर विकलं आणि मग ते मुलींकडे पाळीने राहू लागले. दोन महिने बार्शी, दोन महिने विजापूर. एकदा अक्कलकोटहून माढ्याला जाताना मधे वर्कशॉपात उतरले, हातात कापडी पिशवी. कुणी खुर्ची दिली तर नको म्हणाले, डबा उपडा घातला. पण त्या दिवशी पहिल्यांदाच ते मशीनकडे तोंड करून बसले. चहा प्यायले. उठताना बोट लावत मोजलं, ऐदूपर्यंत, आणि मग हात ठोकळ्यावर ठेवला.

"पोरी लई करतात," म्हणाले. "पण आता पाचच ऱ्हायलं, अम्मा. सहावं न्हाय."

मी काही बोलायला हवं होतं. आई गेल्यावर माझंही माढा तसंच झालं होतं. भाऊ बोलावतो, भावजय चहा देते, आणि आपण संध्याकाळच्या एसटीची वेळ विचारतो. हे मी त्यांना सांगू शकले असते. मी म्हणाले, "मास्तर, एसटी चुकेल." इतकी हुशार मी. पुढच्या वर्षी अक्कलकोटला थोरलीकडेच ते वारले.

यंदा माझी नात पॉलिटेक्निकची ट्रेनिंग करायला कुंभारीजवळच्या एका शेडमध्ये जाऊ लागली. एक दिवस जेवताना म्हणाली, "आजी, तिथे एक जुनाट मशीन आहे, टेबलावर एक ठोकळा आहे, निघतच नाही. बोल्टला डोकीच नाहीत. जॉब धरायचं मोठं फिक्स्चर बसवायचंय म्हणून उद्या ग्राइंडरने कापणार आहेत."

माझा घास हातातच राहिला. सकाळी तिच्या स्कूटीवर मागे बसून गेले.

तेच होतं. रंग बदललेला, वाइस दुसरे, पण ठोकळा तसाच. शेडचा मालक तिशीचा पोरगा, नम्र. मी त्याला सगळं नीट सांगितलं, तीन स्पर्श आणि पंधरा स्पर्श, मूळ सरकलं तर काय, माहेर काय. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "आज्जी, आता प्रोब असतो की. स्वतःच जाऊन टेकतो, स्वतःच आकडे भरतो. याची गरज न्हाय ऱ्हायली."

त्याचं खरं होतं. गरज नव्हती. मी तरी कुठे गरजेचं सांगत होते.

मी पर्समधली कुंकवाची डबी काढली. नात पुटपुटली, "आजी, नको ना." मी पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, ओठ हलवले. पोराने ग्राइंडर खाली ठेवला.

"देव हाय का ह्यो, आज्जी?"

"व्हय," मी म्हणाले. "लई कडक हाय."

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, फिक्स्चर चार इंच उजवीकडे घेऊ, काय बिघडतंय.

आता मला मोजायच्या बाजू माहीत आहेत. डावी, पुढची आणि डोकं. कुंकू मी मागच्या बाजूला लावलं.